डहाणूला हवी इको बटालियनची चिकाटी

20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तालुक्यातल्या उद्योगांच्या जागेवर मर्यादा आली आणि हद्दीबाहेरचा 25 किलोमीटरचा पट्टाही उद्योगांपासून मोकळा ठेवायचे ठरले. शेजारच्या तलासरीचा मोठा भाग याच पट्ट्यातला. याआधी दोन वर्षे, 1989 मध्ये, अशीच अधिसूचना हिमालयाच्या पायथ्याच्या डून खोऱ्यासाठी निघाली होती. दोन्ही ठिकाणचे वाद सर्वोच्च न्यायालयात गेले, दोन्हीकडे नियम आले. डूनच्या वाट्याला मात्र आणखी एक गोष्ट आली. तिथले डोंगर सावरायला लष्कराचे जवान उतरले.

डून खोऱ्यावरच्या मसुरीच्या उतारांवर चुनखडीच्या खाणींनी डोंगर सोलून काढले होते. माती वाहून गेली, झरे आटले, पावसाळ्यात दगडगोटे गावांवर येऊ लागले. 1985 मध्ये न्यायालयाने बऱ्याच खाणी बंद करायला लावल्या. त्याआधीच, 1 डिसेंबर 1982 रोजी, टेरिटोरियल आर्मीची 127 वी इन्फन्ट्री बटालियन उभी राहिली होती. गढवाल रायफल्सशी जोडलेली ही देशातली पहिली इको, म्हणजे पर्यावरणाच्या कामाची, बटालियन. भरती झाली ती त्याच डोंगरातल्या निवृत्त जवानांची.

त्यांच्या कामाचा क्रम समजून घेण्याजोगा आहे. उघड्या खडकावर थेट झाड लावले तर ते जगत नाही. म्हणून आधी घळींमध्ये दगडांचे, जाळीचे बंधारे घालून वाहती माती अडवायची. मग मुळांनी माती धरून ठेवणारे गवत आणि झुडपे लावायची, आणि जमिनीत ओल टिकू लागली की झाडे. रोपवाटिका त्यांचीच, खड्डे खणणारे तेच आणि पुढे गुरे, वणवा, कुऱ्हाड यांपासून रोपे राखणारेही तेच. वनमहोत्सवात एका दिवसात हजारो रोपे लावता येतात. ती जगवायला पुढची काही वर्षे माणसे तिथेच लागतात आणि बटालियनचे बळ नेमके तिथे दिसते.

महाराष्ट्रातही अशी तुकडी आहे. महार रेजिमेंटशी जोडलेली 136 वी इको बटालियन 2017 मध्ये मराठवाड्यासाठी सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातल्या उजाड टेकड्या हे तिचे कामाचे ठिकाण. जिथे पाऊसच तुटपुंजा, तिथे रोप उन्हाळ्यापलीकडे नेणे ही मोठी कसोटी.

या बटालियन पायदळाच्या आहेत. लष्करातल्या अभियंत्यांनी दुसरी आघाडी धरली आहे, ती विजेची. छावण्यांना वीज आणि पाणी पुरवण्याचे काम मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडे असते. सरहद्दीवरच्या उंच चौक्यांवर डिझेलचे प्रत्येक पिंप चढवून न्यावे लागते. त्यामुळे सूर्यापासून मिळालेली वीज तिथे रसद वाचवते. संरक्षण खात्याच्या जागांवर 300 मेगावॅट सौरऊर्जा उभारण्याची योजना केंद्राने याच शतकाच्या दुसऱ्या दशकात आखली. पुण्यात दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये 5 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. उद्याचे सैनिकी अभियंते जिथे पूल बांधायला शिकतात, तिथेच तो रोज डोळ्यांपुढे असतो.

अभियंत्यांनी स्वतःचीच चूक निस्तरल्याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. फ्लोरिडातली किसिमी नदी सुमारे 166 किलोमीटर नागमोडी वाहायची. पूर आवरण्यासाठी लष्कराच्या अभियंता दलाने 1962 ते 1971 या काळात तिचा सुमारे 90 किलोमीटरचा सरळ कालवा केला. पूर आवरले, पण पाणथळी सुकल्या आणि पाणपक्षी निघून गेले. पुढे त्याच दलाने कालव्याचा काही भाग बुजवला आणि जवळपास 70 किलोमीटरचे जुने वळणदार पात्र पुन्हा वाहते केले. हे काम 2021 मध्ये पूर्ण झाले. पक्षी आणि मासे परतू लागले, पण नदी मोडायला लागली त्याहून कितीतरी जास्त वर्षे ती पूर्ववत करायला लागली.

आता डहाणू. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. कोळशावर चालणाऱ्या 500 मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली आणि ती 2007 मध्ये सुरू झाली. 1998 मध्ये प्राधिकरणाने वाढवणचे प्रस्तावित बंदर नाकारले. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अटींसह परवानगी दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी मच्छीमारांचा विरोध असतानाच पायाभरणी झाली.

हा सगळा इतिहास रोखण्याचा आहे, आणि तो मोलाचाच आहे. चिकूच्या वाड्या, किनारा आणि जंगल आज जेवढे शिल्लक आहे, त्यात या लढ्याचा मोठा वाटा आहे. पण तलासरीच्या उतारावरून मुसळधार पावसात वाहून जाणारी माती अधिसूचनेने थांबत नाही. पावसाळ्यात ओसंडणाऱ्या या भागातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होते. दिवाळीनंतर कितीतरी वारली कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. डोंगर सावरण्याचे काम गावातच वर्षभर मजुरी देणारे असेल, तर ही माणसे आणि ही माती दोन्ही जागेवर राहू शकतील.

त्यासाठी इथे गणवेश यायलाच हवा असे नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे, आणि रोजगार हमीतून बांध घालता आणि समतल चर खोदता येतात. ऐन, खैर, मोह, बांबूची रोपवाटिका पाड्यावर, तिवरांची राखण खाडीकाठच्या मच्छीमारांकडे आणि विहिरीवर सौरपंप, असा आराखडा या तालुक्यांना पेलणारा आहे. बंदराच्या अटींमध्ये निसर्गाच्या भरपाईसाठी जो खर्च होईल, त्यातला भाग अशा कायम तुकड्यांच्या मजुरीला मिळावा. लागवडीनंतर तिसरा पावसाळा सरला की जगलेल्या रोपांची मोजणी करून तो आकडा प्राधिकरणाने ग्रामसभेत वाचून दाखवावा.