विमानामागची रेघ आणि आपला खोकला

‘डॉक्टर, विमानातून औषध फवारतात म्हणे. खोकला त्यानेच होतो का?’ असे हल्ली काही रुग्ण मला विचारतात. ही समजूत १९९६-९७ च्या सुमारास अमेरिकेत पसरली. विमानामागची पांढरी रेघ म्हणजे सरकारने गुपचूप सोडलेले रसायन, असे ती मानणारे सांगतात.

वस्तुस्थिती साधी आहे. इंजिनात इंधन जळताना पाण्याची वाफही तयार होते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली ४० अंशांच्या आसपास असते. तेथे ती वाफ गोठून बर्फाचे कण बनतात. हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते. दमट असेल तर पसरून तासन्‌तास टिकते. २०१६ साली ७७ तज्ज्ञांना विचारले असता ७६ जणांनी अशा फवारणीचा पुरावा आढळला नसल्याचे सांगितले.

मला काळजी वेगळीच वाटते. आकाशाला दोष देताना घरातल्या चुलीचा धूर, विडी आणि क्षय यांच्याकडे दुर्लक्ष होते. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर बेडका तपासून घ्यावा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.