पावलांसोबत डोकंही चालवा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सकाळी बागेतल्या फेऱ्या शरीरासाठी आणि दुपारी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं मेंदूसाठी, अशी वाटणी अनेक ज्येष्ठांनी करून ठेवलेली असते. दोन्ही सवयी चांगल्याच आहेत. पण उतारवयात बुद्धी तल्लख ठेवायची असेल, तर शरीराची हालचाल आणि डोक्याचं काम यांची सांगड घातलेली अधिक चांगली, असं अलीकडचं संशोधन सांगतं. या विषयाभोवती बरेच गैरसमज आहेत. त्यातले काही तर मायेपोटी जपले जातात, म्हणून ते नीट तपासायला हवेत.

गैरसमज १ : वय झालं की स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) व्हायचाच.

वस्तुस्थिती : वयानुसार नाव आठवायला वेळ लागणं वेगळं आणि रोजची कामं जमेनाशी होणं वेगळं. भारतातल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीवरून काढलेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते, म्हणजे प्रश्न गंभीरच आहे. पण शंभरातल्या ब्याण्णवांहून अधिक जणांना तो नाही. डिमेन्शियाचे जवळपास ४५ टक्के रुग्ण १४ टाळता येण्याजोग्या धोक्यांशी जोडलेले आहेत, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली मांडलं. व्यायामाचा अभाव, उच्च रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, एकटेपणा हे त्यांपैकी काही.

गैरसमज २ : रोज कोडं सोडवलं की मेंदूचा व्यायाम झाला.

वस्तुस्थिती : आपण ज्याचा सराव करतो, मुख्यतः तेच सुधारतं. अमेरिकेत ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाच्या प्रयोगात सुमारे २,८०० ज्येष्ठांपैकी तीन गटांना स्मरणशक्ती, तर्क किंवा आकलनाचा वेग यांपैकी एकेकाचं प्रशिक्षण दिलं गेलं. जो जे शिकला, त्यात त्याची प्रगती झाली. तर्क आणि वेग यांचा फायदा तर दहा वर्षांनीही दिसला. मात्र एका कौशल्याचा लाभ दुसऱ्याला फारसा मिळाला नाही. मेंदूचे खेळ विकणाऱ्या ‘लुमॉसिटी’ला तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या आरोपावरून २०१६ साली अमेरिकी व्यापार आयोगाकडे २० लाख डॉलर भरावे लागले. तेव्हा शब्दकोडं आवडत असेल तर जरूर सोडवा. पण वर्षानुवर्षं तेच करून हात बसला असेल, तर आता काहीतरी नवं शिकायला घ्या.

गैरसमज ३ : चालणं हृदयासाठी आणि गुडघ्यांसाठी, मेंदूचा त्याच्याशी काय संबंध?

वस्तुस्थिती : मेंदूला अखंड रक्तपुरवठा लागतो. चालण्याने रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते, रक्तवाहिन्या निरोगी राहतात, झोप सुधारते आणि मन प्रसन्न राहतं. या प्रत्येकाचा लाभ मेंदूला होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी अर्ध्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालण्याचा व्यायाम केला. स्मृतीशी निगडित असलेला त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा तो किंचित आक्रसला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत ही वाढ इतकी ठळक दिसली नाही, तरी चालण्याचे बाकीचे फायदे पक्के आहेत.

गैरसमज ४ : दोन्हींपैकी एक काहीतरी केलं तरी पुरे.

वस्तुस्थिती : एक करणं काहीच न करण्यापेक्षा चांगलं, पण दोन्हींची जोड अधिक चांगली. कॅनडात सौम्य विस्मरण असलेल्या १७५ ज्येष्ठांवर २० आठवड्यांचा प्रयोग झाला. व्यायामाने बौद्धिक चाचणीतले गुण सुधारले आणि त्याला बौद्धिक सरावाची जोड दिल्यावर ते आणखी सुधारले. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी मात्र यात भर पडली नाही.

फिनलंडमधला ‘फिंगर’ प्रयोग याहून व्यापक होता. ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं व्यायाम, बौद्धिक सराव, योग्य आहार आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असं सगळं एकत्र मिळालं. उरलेल्यांना फक्त आरोग्याचा सर्वसाधारण सल्ला. पहिल्या गटाच्या एकूण बौद्धिक गुणांतली सुधारणा दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे सत्तरी गाठली तरी उशीर झालेला नसतो.

गैरसमज ५ : एकत्र करायचं म्हणजे चालता चालता मोबाइलवर खेळायचं.

वस्तुस्थिती : हे मुळीच करू नका. चालण्यालाही लक्ष लागतं. स्वीडनमध्ये १९९७ साली संशोधकांना आढळलं, की बोलायला लागताच चालायचे थांबणारे वृद्ध पुढच्या काळात जास्त वेळा पडले. म्हणून डोळे रस्त्यावरच ठेवावेत आणि डोक्याला तोंडी काम द्यावं. वाहनं नसलेल्या सपाट जागी सोबत्याबरोबर गावांच्या नावांच्या भेंड्या खेळा. शंभरातून सात-सात वजा करत मोजा. पावकी-निमकी अजून तोंडपाठ असेल, तर ती उलटी म्हणून पाहा. सरळ म्हणताना जीभ चालते, उलटी म्हणताना डोकं. झिम्मा, फुगडी, लेझीम यांत ठेका, पदन्यास आणि जोडीदाराकडे लक्ष असं सगळं एकदमच लागतं. फुगडी मात्र गुडघे आणि तोल धड असणाऱ्यांनीच घालावी. तोल जात असेल तर खुर्चीत बसून पाय उचलत वरचे तोंडी खेळ खेळता येतात. दोन्ही एकाच क्षणी करायला हवं असंही नाही. कॅनडाच्या प्रयोगात आधी बौद्धिक सराव आणि मग व्यायाम असाच क्रम होता.

गैरसमज ६ : एवढं केलं की डिमेन्शिया होणारच नाही, झालेला असेल तर बरा होईल.

वस्तुस्थिती : अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये डिमेन्शिया झालेल्या ४९४ जणांवर झालेल्या प्रयोगात जोरकस व्यायामाने अंगातली ताकद वाढली, पण बुद्धीची घसरण मंदावली नाही. विसरण्यामुळे रोजचे व्यवहार अडू लागले तर डॉक्टरांकडे जा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य ही विस्मरणाची कारणं उपचारांनी सुधारू शकतात. हृदयविकार असेल किंवा वारंवार पडणं होत असेल, तर व्यायामही विचारूनच सुरू करा.

गैरसमज ७ : या वयात आराम हाच खरा उपचार.

वस्तुस्थिती : “बाबा, तुम्ही बसा, मी करतो”, “आई, तू नको दगदग करूस” हे आपण प्रेमाने म्हणतो आणि त्यांच्या हातातलं काम काढून घेतो. भाजी आणताना भाव लक्षात ठेवणं, हिशेब करणं, चार माणसांशी बोलणं, पिशवी घेऊन चालणं हे सगळं एकाच फेरीत होतं. ती फेरी बंद केली, की शरीराचा आणि बुद्धीचा सराव एकदमच थांबतो. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवते. घरच्यांनी यासाठी वेळ काढावा, ज्येष्ठ नागरिक संघांनी असे गट चालवावेत. आई-वडिलांची कामं काढून घेण्याऐवजी, ती त्यांना सुरक्षितपणे करता येतील अशी सोय करणं हीच त्यांची खरी सेवा आहे.