वाचवलेला वॉटर पंप मला केवढ्याला पडला? टायमिंग बेल्टच्या कामातून शिकलेला धंदा



ट्रेनिंगला बसलं की कोणीतरी हमखास विचारतं, "सर, धाराशिवसारख्या ठिकाणी स्पोर्ट्स कारचं काम येतं का?" फेरारी येत नाही, हे खरंच आहे. पण पुण्यात चार-सहा वर्षं फिरलेली पोलो जीटी किंवा जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस सेकंड हँड घेऊन आपल्या जिल्ह्यातली पोरं घरी येतात. ती गाडी त्यांच्यासाठी फेरारीच असते. आणि ती बंद पडली की सोलापूरला टो करून न्यायची का जवळच्या गॅरेजला दाखवायची, हा प्रश्न असतो. तिथे आपला धंदा सुरू होतो.

आज मी माझ्याच गॅरेजमधली एक चूक सांगणार आहे. बीबीएच्या तीन वर्षांत कॉस्टिंग शिकलो, पण ते खऱ्या अर्थाने डोक्यात शिरलं ते या एका कामाने.

"दादा, फक्त बेल्ट टाका"

गॅरेजचं पहिलं वर्ष. तुळजापूरकडचा एक मुलगा पोलो जीटी टीडीआय घेऊन आला. ही गाडी २०१३ साली आली तेव्हा तिला १.६ लिटरचं डिझेल इंजिन होतं, १०५ पीएस ताकदीचं. पळायला जबरदस्त. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाली होती. मी पूर्ण कामाचा आकडा सांगितला: बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, कूलंट.

तो म्हणाला, "दादा, पंप तर चांगला चालतोय की. फक्त बेल्ट टाका."

मला माहीत होतं की हे बरोबर नाही. पण नवीन गॅरेज, हातात काम कमी, गिऱ्हाईक परत जाईल ही भीती. मी म्हणालो, "चालंल."

चार महिन्यांनी त्याचा फोन आला. तुळजापूरच्या घाटात गाडी एकदम बंद पडली होती. खोलून बघितलं तर वॉटर पंपाचं बेरिंग जाम झालेलं, बेल्टचे दात सोललेले आणि वॉल्व्ह वाकलेले. तो भांडला नाही. थोडा वेळ गप्प उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "तुम्ही तर चालंल म्हणला होता."

हेडचं काम मी माझ्या मजुरीत केलं, पार्टचा निम्मा खर्च उचलला. दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. तुम्ही म्हणाल, पैसे वाचवायचा निर्णय गिऱ्हाइकाचा होता. होता, पण निर्णय घ्यायला जी माहिती लागते ती मी त्याला दिलीच नव्हती. त्याला वॉटर पंप म्हणजे एक वेगळा पार्ट वाटत होता. तो पंप याच बेल्टवर फिरतो, हे मी बोललोच नाही.

आधी काम समजून घ्या

इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा होतो. हा ताळमेळ दात असलेला रबरी पट्टा सांभाळतो, तोच टायमिंग बेल्ट. आपल्याकडच्या बहुतेक डिझेल इंजिनांत हा ताळमेळ चुकला की पिस्टन उघड्या वॉल्व्हवर जाऊन आदळतो. वॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. बेल्ट तुटायच्या आधी आवाज देईलच असं नाही. काल चांगली असलेली गाडी आज थेट बंद पडते.

रबर किलोमीटरने झिजतं तसं वर्षांनीही म्हातारं होतं. गाडी दारात उभी असली तरी. म्हणून "सर, कमी चाललीय" असं कोणी म्हटलं की वर्ष विचारा. किती किलोमीटर आणि किती वर्षं, हे त्या गाडीच्या मॅन्युअलमधून बघा. शेजारच्या मेस्त्रीला विचारून अंदाज लावू नका.

बेल्ट बदलताना क्रँक, कॅम आणि डिझेलचा हाय प्रेशर पंप लॉकिंग टूलने जागेवर धरायचे. खुणा करून, खडूच्या रेषेवर भरवसा ठेवून हे काम करायचं नाही. नवीन बेल्ट चढवला, टेन्शनर बसवला की क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि पिना पुन्हा बसतात का ते बघायचं. बसल्या नाहीत तर पुन्हा खोला. सेल मारून बघू नका. ऑइल सील गळत असेल तर तेही आत्ताच बदला, कारण तेल बेल्ट खातं.

होज पाईप: स्वस्त पार्ट, महागडं नुकसान

मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. घाट चढताना इंजिनावर लोड, बाहेर ऊन. कूलिंग सिस्टीम प्रेशर कुकरसारखी असते. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही. एक बारच्या आसपास जादा दाब असला तर साधं पाणीसुद्धा साधारण १२० अंशांना उकळतं. पण एखादा होज फुगून फाटला की दाब गेला, कूलंट गेलं आणि हेड गॅसकेटचं काम आलं.

होज तपासायला मशीन लागत नाही. इंजिन थंड असताना हाताने दाबा. पिलपिलीत झालाय का, कडक झालाय का, क्लिपजवळ फुगलाय का, चिरा दिसतात का, जोडावर वाळलेल्या कूलंटचे डाग आहेत का? यातलं एक जरी दिसलं तरी बदला. होज नवीन आणि क्लिप जुनी गंजलेली, असं करू नका.

आणि एक आपल्या भागाची गोष्ट. बोअरचं पाणी टाकी भरायला चालतं, रेडिएटरला नाही. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, घरातल्या गिझरमध्ये बसतात तसेच. डिस्टिल्ड वॉटर किंवा तयार मिसळलेलं कूलंट वापरा. रंग बघून कूलंट निवडू नका, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघा. भरल्यावर सिस्टीममधली हवा काढा. गरम इंजिनाचं झाकण तर कधीच उघडू नका. हे हेल्परला पहिल्याच दिवशी सांगा.

आता हिशोब

आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत. तुमच्या गावचे भाव टाका.

समजा बेल्ट २,५०० रुपये, टेन्शनर-आयडलर ३,५००, वॉटर पंप ३,०००, कूलंट १,२०० आणि मजुरी ४,०००.

- फक्त बेल्ट: ६,५०० रुपये.
- पूर्ण काम: १४,२०० रुपये.
- फक्त बेल्ट टाकला आणि पंप नंतर गळायला लागला (वेळेत कळलं तर): पंप, नवीन बेल्ट, कूलंट आणि पुन्हा मजुरी मिळून आणखी १०,७०० रुपये. म्हणजे एकूण १७,२०० आणि टेन्शनर-आयडलर अजून जुनेच.
- वेळेत कळलं नाही तर: हेडचं काम. तो आकडा मी इथे लिहीत नाही, मी तो भरलाय.

हा तक्ता मी आता छापून काउंटरवर ठेवलाय. गिऱ्हाइकाला "हे करावंच लागतं" असं सांगत नाही. तक्ता पुढे करतो आणि गप्प बसतो. बरेच जण पूर्ण काम सांगतात. तरीही कोणी फक्त बेल्ट म्हणालं, तर मी नम्रपणे काम नाकारतो. सहा हजाराच्या कामासाठी आपलं नाव पणाला लावायचं नसतं.

मोठ्या गाड्यांतही हेच गणित आहे. फेरारी ३५५ या मॉडेलमध्ये बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागायचं. तिथे पार्टपेक्षा मजुरीच जड. पुढच्या ३६० मध्ये सीटमागून हात पोचेल अशी सोय केली, आणि २००४ च्या एफ४३० ला बेल्टऐवजी चेन आली. खोलण्याचाच खर्च जास्त असेल, तर एकदा खोलल्यावर आतलं सगळं जुनं रबर आणि बेरिंग बदलून घ्यायचं. इटलीत असो की धाराशिवात.

सुरुवात कुठून करायची?

१. सगळ्या गाड्यांची टूल घेऊ नका. एक इंजिन कुटुंब निवडा. पोलो, व्हेंटो, रॅपिड यांच्या डिझेल इंजिनांचं काम बरंच मिळतंजुळतं आहे. लॉकिंग टूलचा सेट समजा ४,००० ला आला आणि दर कामातून ५०० बाजूला काढले, तर आठ कामांत सेट फुकट.

२. रोजचं काम जीटीवाला देणार नाही. ते तुळजापूरला भाविक घेऊन येणाऱ्या जुन्या २.५ डिझेल इनोव्हा देतील, १.५ डिझेलच्या डस्टर देतील. यांनाही बेल्टच आहे. एक टुरिस्टवाला खूश झाला की स्टँडवरचे चार जण येतात.

३. चेनवाल्या गाडीला बेल्ट विकू नका. स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन आहे, इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेललाही. गिऱ्हाईक विचारत आलं तर सांगा, "तुमच्या गाडीला हे काम नाही." त्या दिवशी शून्य रुपये मिळतील, पण तो माणूस दुसऱ्या कामाला तुमच्याकडेच येईल.

४. जॉब कार्डवर तारीख, किलोमीटर, काय बदललं आणि काय बदललं नाही, सगळं लिहा. सही घ्या. एक स्टिकर बॉनेटखाली चिकटवा. पुढचं काम कधी, हे तुमची वही सांगेल.

५. जुने पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. चिरलेला होज त्याने स्वतः दाबून बघितला की बिलावर घासाघीस होत नाही.

तो तुळजापूरचा मुलगा? हेड झाल्यावर गाडी घेऊन गेला, वर्षभर आला नाही. मी समजलो, गेला. मग एक दिवस त्याच्या मामांची इनोव्हा घेऊन आला. म्हणाला, "दादा, हिचं पूर्ण करा. पंपासकट." बिल त्याने वाचलंही नाही. मीच वाचून दाखवलं, एकेक ओळ.

तुमच्या धंद्यात असा "वाचवलेला पंप" कुठला आहे? आज संध्याकाळी वही काढा, मागच्या सहा महिन्यांत परत आलेली कामं लिहा आणि प्रत्येकापुढे खरा खर्च मांडा. नफा कुठे गळतोय ते तिथेच सापडेल.

भेटूया पुढच्या भागात.