कणांचा मारा आणि जुन्या मोटारीची काया

प्रीमियर पद्मिनी बनावटीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात तिची नोंदणी झाली होती आणि टॅक्सीसाठी ठरवून दिलेली वीस वर्षांची कालमर्यादा पूर्ण झाली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या मोटारीला पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये मिळाले. टॅक्सी गेली, तरी खाजगी मालकांच्या अंगणात, गोठ्याशेजारच्या पडवीत किंवा वाड्याच्या चौकात ताडपत्रीखाली झाकलेल्या पद्मिनी, तिच्या आधीच्या फियाट आणि जुन्या जीप आजही पाहावयास मिळतात. यांतील काहींचा जीर्णोद्धार करण्याची हौस गेल्या काही वर्षांत वाढली आहे.

या हौसेला शासकीय नियमांचीही चौकट लाभली आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात व नोंदणी दहा वर्षांसाठी असते. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असले पाहिजे. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत. म्हणजे गंजलेली बॉडी फेकून दुसरी बसविण्याचा सोपा मार्ग येथे उपयोगाचा नाही. मूळ पत्राच वाचवावा लागतो, आणि तो वाचवावयाचा तर प्रथम त्याच्यावरील रंग, लांबी आणि गंज यांचे थर उतरवून तो उघडा करावा लागतो.

पद्मिनीसारख्या मोटारीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे ठरते. जीपला स्वतंत्र चॅसी असते. बॉडीचा पत्रा सडला तरी भार पेलणारा सांगाडा वेगळा राहतो. पद्मिनीत मात्र बॉडी हाच सांगाडा होय. दरवाजांखालची पोकळ पट्टी आतून गंजली, तर वरून चकचकीत दिसणारी मोटार खड्ड्यात आदळताच खचू शकते. कोकणपट्टीतील खारा वारा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांनी नेमक्या याच जागा पोखरलेल्या असतात. त्यावर एखाद्या कारागिराने पूर्वी लांबी भरून रंग मारलेला असेल, तर पत्र्याच्या जागी लांबीच उरली आहे, हे थर उतरविल्याखेरीज कळत नाही.

थर उतरविण्याचे जुने मार्ग म्हणजे पोलादी ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर आणि रंग सोडविणारे रसायन. सपाट भागावर हे चालते. बिजागऱ्यांच्या खाचा, वेल्डिंगचे सांधे, मडगार्डच्या आतील वळणे येथे ब्रश पोहोचत नाही आणि गंज तर तेथेच दडलेला असतो. शिवाय ग्राइंडर गंजाबरोबर चांगला पत्राही खातो. म्हणून दाबाखालील हवेच्या झोताबरोबर बारीक कण पत्र्यावर मारून तो स्वच्छ करण्याची पद्धत, म्हणजेच ब्लास्टिंग, वापरली जाते. कोल्हापूर किंवा पिंपरी-चिंचवडच्या परिसरातील ओतकामाच्या कारखान्यांत हेच तत्त्व वेगळ्या यंत्राने वापरतात. तेथे ओतीव भागांवर पोलादी छर्रे आदळवून त्यांना चिकटलेली वाळू काढली जाते.

या पद्धतीचा शोध अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी लावला व त्याचे पेटंट त्यांना १८७० मध्ये मिळाले. वाऱ्याबरोबर उडणारी वाळू काच खरवडते, या निरीक्षणातून त्यांना ही कल्पना सुचली अशी आख्यायिका आहे. आरंभी तिचा उपयोग काचेवर नक्षी उठविण्यासाठी व दगडावर अक्षरे कोरण्यासाठीही झाला. यंत्राची रचना आजही फारशी गुंतागुंतीची नाही. कॉम्प्रेसर, कणांची टाकी, जाड रबरी नळी आणि कठीण धातूचे नोझल एवढ्यावर काम भागते. नेमक्या या साधेपणामुळेच रस्त्याकडेच्या एखाद्या शेडमध्येही हा व्यवसाय सुरू करता येतो. त्याचे परिणाम पुढे पाहू.

कण कोणते वापरावेत?

मोटारीच्या बॉडीचा पत्रा साधारणपणे एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. पुलाच्या तुळईला जो मारा मानवतो, तो बॉनेटला मानवत नाही. जोरात आदळणारा प्रत्येक कण पत्र्याच्या पृष्ठभागावर हातोडीच्या सूक्ष्म घावासारखा बसतो. असे लक्षावधी घाव एकाच बाजूने बसले की ती बाजू ताणली जाते आणि पत्रा फुगतो. टप, बॉनेट आणि दरवाजे यांसारख्या रुंद, सपाट भागांना हा धोका अधिक. पत्रा उष्णतेने वाकतो असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः मुख्य दोष या ताणाचा असतो. एकदा फुगलेला टप पूर्ववत करणे निष्णात डेंटरलाही अवघड जाते. म्हणून दाब कमी ठेवणे, नोझल पत्र्यापासून दूर व तिरके धरणे आणि ते एका जागी न थांबविता सतत हलते ठेवणे, ही कारागिराची पहिली शिकवण असते.

कणांची निवड कामानुसार करावी लागते. ॲल्युमिनियम ऑक्साइड हे अतिशय कठीण. जाड चॅसी किंवा स्प्रिंगचे भाग यांवरील जुना गंज ते झपाट्याने काढते, पातळ पत्र्यावर मात्र ते बेतानेच वापरावे लागते. गार्नेट हे खनिज तामिळनाडू, केरळ व ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडते आणि ते पुन्हापुन्हा वापरता येते. काचेचे गोल मणी ॲल्युमिनियमच्या भागांना सुरेख झळाळी आणतात. प्लॅस्टिकचे कण व अक्रोडाच्या कवचाचा चुरा रंग काढतात, पण पत्रा दुखावत नाहीत. विमानांच्या पातळ आवरणावरील रंग रसायनाऐवजी प्लॅस्टिकच्या कणांनी काढण्याची पद्धत अमेरिकी हवाई दलाने १९८० च्या दशकात अवलंबिली, ती याच गुणामुळे.

खाण्याच्या सोड्याचे उदाहरण तर मनोरंजक आहे. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा १९८६ मध्ये पूर्ण झालेला जीर्णोद्धार चालू असताना आतील तांब्याच्या पत्र्यावरील डांबर काढावयाचे होते. तांबे तर खरवडले जाता कामा नये. तेथे सोड्याचा मारा करण्यात आला. मोटारीवरही तो चालतो, परंतु सोडा रंग काढतो, गंज नव्हे. शिवाय त्याचा अंश पत्र्यावर राहिल्यास नवा रंग नीट धरत नाही. म्हणून नंतर पत्रा काळजीपूर्वक धुवावा लागतो.

थोडक्यात, रुंद व सपाट भागांवरील रंग सौम्य कणांनी किंवा रसायनाने काढावा आणि कठीण कण खाचा, सांधे व जाड भाग यांच्यापुरतेच राखावेत, ही रीत जाणकार पाळतात. सगळी मोटार एकाच दिवशी एकाच कणाने ‘साफ करून’ देणाऱ्याचा दर कमी असतो खरा; फुगलेल्या टपाचा खर्च त्यात धरलेला नसतो.

मारा करण्यापूर्वी काचा, रबर, वायरिंग, क्रोमचे भाग व पेट्रोलची टाकी काढून घेतली जाते. आणखी एक खबरदारी मात्र पुष्कळदा राहून जाते. चॅसीचा क्रमांक पत्र्यावर ठोकून उठविलेला असतो. गंजाने आधीच उथळ झालेली ही अक्षरे कणांच्या माऱ्याखाली पुसट होतात आणि मग मोटार कितीही देखणी झाली, तरी नोंदणीच्या तपासणीत तिची ओळख पटविणे कठीण होऊन बसते. क्रमांकाची जागा जाड रबरी पट्टीने झाकावी, त्याआधी तिचे छायाचित्र घ्यावे आणि तेवढा भाग नंतर हाताने स्वच्छ करावा.

मारा करणाऱ्याची छाती

आतापर्यंत वाळूचा उल्लेख कणांच्या यादीत आला नाही, तो हेतुपुरस्सर. ‘सँड ब्लास्टिंग’ हे नाव रूढ असले, तरी वाळू हे या कामातील सर्वांत घातक माध्यम होय. वाळूत सिलिका स्फटिकरूपात असते. नोझलमधून सुटलेला वाळूचा कण पत्र्यावर आदळून फुटतो आणि त्याची इतकी बारीक धूळ होते की ती डोळ्यांना दिसतही नाही. नाकातील केसांना चुकवून ती फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचते, तेथे रुतून बसते आणि तिच्याभोवती फुप्फुसाचे मऊ ऊतक कठीण होत जाते. हाच सिलिकोसिस. एरवी हा रोग दहा वर्षांहून अधिक काळ धुळीत काम केल्यावर प्रकट होतो. परंतु वाळूच्या माऱ्यासारख्या दाट धुळीत काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांतही तो गाठू शकतो. फुप्फुसाची झालेली हानी भरून काढील असे औषध नाही.

शाळेतील पाटीवरच्या पेन्सिली ज्या मध्य प्रदेशातील मंदसोर भागात तयार होत, तेथील कामगारांना दगड कापण्याच्या धुळीने हाच रोग जडल्याचे राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या पाहणीत दिसून आले होते. तुर्कस्तानात जीनच्या कापडाला जुनाट रूप देण्यासाठी त्यावर वाळू मारीत; त्या कामातील तरुण कामगार सिलिकोसिसने दगावू लागल्यावर तेथील शासनाने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. ब्रिटनने तर ओतीव भागांवर वाळूचा मारा करण्यास १९४९ च्या नियमांनीच प्रतिबंध केला होता. आपल्याकडे कारखाने अधिनियम, १९४८ ने सिलिकोसिस हा सूचनीय रोग ठरविला आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मधील यादीतही त्याचा समावेश आहे. मात्र दोन-तीन माणसांच्या शेडमध्ये अशी नोंद करणारे कोण असते? लोखंडी फाटक, ट्रॉली, जीपची बॉडी असे जे येईल ते काम अंगावर घेणारा तरुण तोंडाला उपरणे किंवा रुमाल बांधून उभा असतो. रुमालाच्या विणीतून ही धूळ सहज आत जाते. कामासाठी बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरविणारे शिरस्त्राण, बंद खोली व धूळ ओढून घेणारा पंखा यांची आवश्यकता असते. आणि या सर्वांहून परिणामकारक उपाय म्हणजे वाळूच न वापरणे.

यात एक घोटाळा नेहमी होतो. खोकला, दम लागणे, वजन घटणे ही लक्षणे क्षयरोगाचीही असतात. सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय जडण्याचा संभवही अधिक असतो. तेव्हा क्षयाचे उपचार सुरू होतात आणि तरुण बरे वाटताच पुन्हा त्याच धुळीत जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या अशा रुग्णाला ‘काम काय करता?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. गावातील कोणत्या शेडमध्ये हे काम चालते, हे ग्रामपंचायत सदस्यांना ठाऊक असतेच. ती माहिती त्यांनी डॉक्टरांपर्यंत पोहोचविली, तर निदान लवकर होऊ शकते.

जुन्या रंगाचीही धूळ कमी धोक्याची नाही. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. हाच पदार्थ गंजरोधक म्हणून लोखंडावरील अस्तराच्या रंगात वापरला जाई. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या थरांना ते कसे लागू होणार? लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे अपायकारक असते. म्हणून हे काम शाळा, अंगणवाडी व विहीर यांच्या जवळ होऊ देऊ नये. वापरलेले कण गोळा करून बंद पिंपात ठेवावेत. भराव म्हणून ते अंगणात किंवा रस्त्यावर टाकू नयेत.

मारा संपल्यावर पत्रा करड्या, निस्तेज रंगाचा दिसतो. या अवस्थेत तो अत्यंत नाजूक असतो. दमट हवेत काही तासांतच त्यावर तांबूस छटा चढू लागते आणि उघड्या हाताचा घामही डाग पाडतो. पोकळ भागांत अडकलेले कण हवेने फुंकून काढावेत, कोरडे हातमोजे घालूनच पत्रा हाताळावा आणि शक्यतो त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा थर द्यावा. पावसाळ्यात किनारपट्टीवर हे काम हाती न घेणेच बरे. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्यास अधिक मानवते.