शिरोड्याचे मास्तर, विद्यापीठातले दालन

उचगावातून कोल्हापुरात रोज कामाला, कॉलेजला, बाजाराला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. महामार्ग ओलांडला की शिवाजी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर फार लांब राहत नाही. त्या परिसरात वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय आहे. पन्हाळा आणि न्यू पॅलेस पाहुण्यांना दाखवणारे आपण या दालनाकडे क्वचितच वळतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खांडेकर म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो ज्ञानपीठ पुरस्कार. १९७४चा हा मान मराठीला पहिल्यांदाच मिळाला, तो ‘ययाति’च्या लेखकाला. पण पुरस्कारापासून सुरुवात केली तर माणूस हातून निसटतो. संग्रहालयातली हस्तलिखिते, पत्रे, जुनी छायाचित्रे पाहताना मनात शिरोडा ठेवावा, असे मी आवर्जून सांगेन. ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत जन्मलेला गणेश आत्माराम दत्तक गेला आणि विष्णू सखाराम झाला. १९२०मध्ये तो कोकणातल्या शिरोडा गावी शिक्षक म्हणून रुजू झाला आणि १९३८पर्यंत तिथेच राहिला. अठरा वर्षे! याच गावात १९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. गरिबी, ध्येयवाद आणि त्याची होणारी फरफट हे खांडेकरांचे विषय त्यांनी पुस्तकांतून उचललेले नव्हते. ते शाळेच्या पटावरच्या मुलांच्या घरांतून आले होते. ‘हृदयाची हाक’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ या कादंबऱ्या त्यांनी मास्तरकी करता करताच लिहिल्या.

कोल्हापूरशी त्यांचे नाते जडले ते सिनेमामुळे. मास्टर विनायक आणि बाबूराव पेंढारकर यांच्या हंस पिक्चर्सचा १९३६चा ‘छाया’ खांडेकरांच्या कथेवरचा. पुढे १९३८मध्ये ते या शहरातच राहायला आले. कादंबरी, कथा, लघुनिबंध, रूपककथा, समीक्षा, पटकथा असा पसारा त्यांनी मांडला. १९४१मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९५९मध्ये ‘ययाति’ आली. महाभारतातल्या एका उपकथेतली माणसे तिथे स्वतःच्याच तोंडून आपली बाजू मांडतात: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. पुढच्याच वर्षी या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. मग ते सांगत आणि दुसरे कुणी लिहून घेत. हे कळल्यावर काचेमागचे त्यांच्या हातचे जुने कागद निराळे दिसू लागतात. ज्याने हयातभर स्वतःच्या हाताने पाने भरली, त्याला वाक्य आधी मनात पूर्ण करून मग दुसऱ्याच्या लेखणीवर सोपवावे लागले. तरीही काम थांबले नाही. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

संग्रहालय उभे राहण्यामागे डॉ. सुनीलकुमार लवटे यांची चिकाटी आहे. नियतकालिकांत विखुरलेले खांडेकरांचे लेखन शोधून त्यांनी त्याचे खंडामागून खंड संपादित केले. लेखकाच्या वस्तू जपणे एक, त्याचे हरवलेले शब्द परत वाचकांच्या हाती देणे दुसरे. दुसरे काम अधिक अवघड, आणि माझ्या मते अधिक मोलाचे. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक कवीच्या गावात आहे, त्यामुळे तिथल्या मातीचाच त्याला आधार मिळतो. इथे तसे नाही. विद्यापीठाच्या आवारात लेखक उभा करायचा, तर त्याच्या कागदांनीच बोलावे लागते.

खांडेकर फक्त आपलेच, असाही समज नको. का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे तमिळ वाचकांनी त्यांना आपल्याच लेखकासारखे मानले. गोपाळराव विद्वांसांनी त्यांना गुजरातीत नेले. परभाषेतली माणसे ज्याच्यावर इतका जीव टाकतात, त्याचे दालन आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. उचगावच्या शाळांनी सहलीचा एक दिवस इथे द्यावा. आठवी-नववीच्या मुलांना आधी त्यांच्या दोन-तीन रूपककथा वर्गात वाचून दाखवाव्यात, मग इथे आणावे. आणि जमल्यास पुढच्या वर्षी शिरोड्याला न्यावे. मास्तरांचे स्मृती संग्रहालय तिथेही आहे.