इंग्लंडची हक्काची पायवाट

मँचेस्टर किंवा शेफील्डसारख्या शहरात शिक्षणासाठी वा नोकरीसाठी राहणाऱ्या तरुणाकडे मायदेशाहून जुना मित्र येतो, तेव्हा पहिले दोन दिवस शहर पाहण्यात जातात. संग्रहालये होतात, फुटबॉलचे मैदान होते, बाजारपेठ होते. तिसऱ्या दिवशी पाहुणा म्हणतो, ‘आता इथली खेडी दाखव.’ यजमानाच्या मनात तत्काळ आकडेमोड सुरू होते. भाड्याची मोटार, तिचा विमा, पेट्रोल, सहलीच्या बसचे तिकीट, जुन्या वाड्या-महालांचे प्रवेशशुल्क, दुपारचे जेवण! पाहुण्याचे गणित आणखी अवघड. एका पौंडासाठी शंभराहून अधिक रुपये मोजावे लागत असल्याने तो प्रत्येक पाटीवरच्या किमतीचा मनातल्या मनात गुणाकार करीत असतो. एकाने दर वेळी पुढे होऊन पैसे द्यायचे आणि दुसऱ्याने दर वेळी संकोचायचे, अशा प्रवासात मैत्रीतला मोकळेपणा हरवण्याची भीती असते.

वास्तविक इंग्लंडच्या ग्रामीण भागातील सर्वात सुंदर गोष्टीला तिकीटच नाही. ती गोष्ट म्हणजे तेथील पायवाट. कुणाच्या शेतातून, कुणाच्या कुरणातून, कधी कुणाच्या अंगणाला लागून जाणाऱ्या या वाटांवरून चालण्याचा अधिकार कायद्याने सर्वांना दिला आहे. तो केवळ ब्रिटिश नागरिकांपुरता नाही. काल विमानातून उतरलेल्या पाहुण्यालाही तो तेवढाच आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा नोंदलेल्या वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते. हे एकदा ध्यानात आले की, सहलीच्या खर्चाचा प्रश्न जवळजवळ केवळ प्रवासभाड्यापुरता उरतो.

वाट आली कुठून?

या वाटा पर्यटकांसाठी आखलेल्या नाहीत. गावातून चर्चला, शेतातून गिरणीला, वस्तीतून बाजाराला जाणाऱ्या माणसांच्या पावलांनी त्या शतकानुशतके मळल्या. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत संसदेने मंजूर केलेल्या कायद्यांनी गावांच्या सामाईक जमिनी मोठ्या प्रमाणावर कुंपणबंद झाल्या आणि खासगी मालकीत गेल्या. तेव्हा अनेक वाटा बुजल्या, पण अनेक टिकूनही राहिल्या. सार्वजनिक वाट एकदा झाली की, ती रीतसर बंद केल्याखेरीज सार्वजनिकच राहते, हे इंग्रजी कायद्याचे जुने तत्त्व त्यांच्या कामी आले. आजही एखाद्या वाटेचा लोकांनी वीस वर्षे उघडपणे, परवानगी न मागता आणि अखंड वापर केला, तर ती सार्वजनिक वाट म्हणून मालकाने दिली आहे, असे १९८०च्या महामार्ग कायद्यानुसार गृहीत धरता येते. शेतातून जाणारी वाट शेतकरी नांगरू शकतो. मात्र ठरलेल्या मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणे त्याच्यावर बंधनकारक असते.

उघड्या डोंगरपठारांची कहाणी मात्र वेगळी होती. पीक डिस्ट्रिक्टमधील पठारे सरदार-जमीनदारांनी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती. मँचेस्टर आणि शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या कामगारांना रविवारी मोकळ्या हवेत जावेसे वाटे आणि डोंगराच्या पायथ्याशी राखणदार त्यांना अडवीत. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या अवघ्या वीस वर्षांच्या कामगार कार्यकर्त्याच्या नेतृत्वाखाली शेकडो तरुण हेफील्ड गावातून निघून किंडर स्काउटच्या पठारावर बेधडक चढले. राखणदारांशी झटापट झाली, अटका झाल्या आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा कारावास झाला. शिक्षा इतकी कठोर वाटली की, लोकमत चढाई करणाऱ्यांच्या बाजूने झुकले.

पुढे १९४९मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याची जबाबदारी त्याने स्थानिक प्रशासनावर टाकली. १९५१मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. २०००च्या कायद्याने डोंगरपठारे, माळराने आणि सामाईक जमिनी यांवर, वाट असो वा नसो, पायी फिरण्याची मुभा दिली. इंग्लंडच्या एकूण भूभागापैकी सुमारे आठ टक्के क्षेत्र या कायद्याखाली येते. २००२मध्ये, त्या चढाईला सत्तर वर्षे झाली तेव्हा, किंडरच्या तत्कालीन मालकाचे नातू असलेले डेव्हनशायरचे अकरावे ड्यूक यांनी आपल्या आजोबांच्या कृत्याबद्दल जाहीर माफी मागितली.

‘राष्ट्रीय उद्यान’ म्हटल्यावर भारतीय मनासमोर फाटक, तिकीटखिडकी आणि जीपगाड्या उभ्या राहतात. इंग्लंडमधील राष्ट्रीय उद्यान तसे नसते. त्यात गावे असतात, शेती चालते, मेंढ्या चरतात, मुले शाळेत जातात. जमीनही बहुतांशी खासगी मालकीची असते. आत शिरण्यासाठी कुणी पैसे मागत नाही.

एका दिवसाची सहल

मँचेस्टरहून शेफील्डकडे जाणारा, १८९४मध्ये सुरू झालेला रेल्वेमार्ग थेट या डोंगरांच्या कुशीतून जातो. सर्व स्थानकांवर थांबणारी गाडी मँचेस्टरहून पाऊण तासात एडेल या छोट्या गावी पोहोचवते. शेफील्डहून वेळ त्याहूनही कमी लागतो. स्थानकाबाहेर पडले की समोर डोंगरच. मोटारीची गरज नाही आणि वाहनतळाचे शुल्कही नाही.

एडेलहून दक्षिणेकडे चढत जाणारी वाट हॉलिन्स क्रॉस या खिंडीत पोहोचते. एडेलला स्वतःचे चर्च नव्हते त्या काळी मृतांच्या शवपेट्या याच खिंडीतून पलीकडच्या कॅसलटन गावी दफनासाठी नेल्या जात. खिंडीतून उजवीकडे वळले की फरसबंद वाट ५१७ मीटर उंचीच्या मॅम टॉरच्या माथ्यावर नेते. माथ्याभोवती लोहयुगीन गढीच्या तटबंदीच्या खुणा आजही दिसतात. या डोंगराची एक बाजू सतत ढासळत असते. तिच्यावरून जाणारा मोटाररस्ता वारंवार दुरुस्त करून अखेर १९७९मध्ये कायमचा बंद करावा लागला. त्याचे दुभंगलेले डांबर पाहायला आजही लोक जातात.

माथ्यावरून मागे फिरून डोंगरधारेने पूर्वेकडे चालत गेल्यास लूज हिल लागते आणि तेथून उतरून होप गावच्या रेल्वेस्थानकावर परतीची गाडी मिळते. सारे मिळून दहा-बारा किलोमीटर, म्हणजे फोटो आणि गप्पा धरून पाच तास. सह्याद्रीतल्या वाटा तुडवलेल्या पाहुण्याला चढ किरकोळ वाटेल, वारा मात्र वाटणार नाही. डाव्या हाताला ६३६ मीटर उंचीच्या किंडर स्काउटचे काळसर पठार, उजव्या हाताला दगडी कुंपणांनी आखलेली हिरवी शेते आणि त्यांच्या मधोमध सिमेंटच्या कारखान्याचे धुराडे, असे दृश्य या धारेवरून दिसते. ते धुराडे अनेकांच्या डोळ्यांत खुपते, पण हा मुलूख देखाव्यासाठी मांडलेला नसून नांदता आहे, हे त्यानेच कळते. पाय थकले तर हॉलिन्स क्रॉसवरूनच कॅसलटनला उतरावे. तेथून शेफील्डला बस जाते.

दुसरा दिवस हाताशी असेल तर चॅट्सवर्थचा विचार करावा. डेव्हनशायरच्या ड्यूकांचा हा महाल आणि त्याची बाग पाहण्यास चांगलेच शुल्क पडते. परंतु बॅझलो गावातून निघून डर्वेंट नदीच्या काठाने, हरणांच्या कळपांजवळून महालासमोर येणारी वाट विनामूल्य आहे. ज्या घराण्याच्या राखणदारांनी एके काळी किंडरवर लोकांना अडवले, त्याच घराण्याच्या हिरवळीवर बसून डबा खाता येतो.

पैसे कुठे वाचतात?

खर्चाचा मोठा भाग रेल्वेचा. दोघे जण बरोबर प्रवास करणार असतील तर ‘टू टुगेदर’ हे सवलतपत्र उपयोगी पडते. त्यावर दोघांची नावे आणि छायाचित्रे असतात, वर्षभर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते आणि पाहुण्याचे नाव घालण्यासही अडचण नसते. अट एवढीच की, दोघांनी एकत्र प्रवास करायला हवा आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर निघायला हवे. सवलतपत्रासाठी पैसे मोजावे लागत असल्याने एकाच छोट्या फेरीसाठी ते परवडत नाही. पाहुणा लंडनलाही जाणार असेल तर मात्र ते लगेच वसूल होते. तिघे किंवा अधिक जण असतील तर अनेक रेल्वे कंपन्या सवलतपत्राशिवायही गर्दीच्या वेळा टाळून तेवढीच सूट देतात.

बसचे गणित त्याहून सोपे आहे. इंग्लंडमध्ये योजनेत सहभागी असलेल्या बसगाड्यांच्या एकेरी भाड्यावर २०२३पासून दोन पौंडांची आणि जानेवारी २०२५पासून तीन पौंडांची कमाल मर्यादा आहे. मार्च २०२७पर्यंत ती राहील, असे सरकारने २०२५मध्ये जाहीर केले. मात्र ग्रामीण बस दिवसातून मोजक्याच वेळा येते, रविवारी त्याहून कमी. शेवटची बस आणि शेवटची गाडी यांच्या वेळा निघण्यापूर्वीच टिपून ठेवाव्यात. ती चुकली तर टॅक्सीच्या भाड्यात साऱ्या दिवसाची बचत वाहून जाते.

जेवण घरून नेणे उत्तम. दशम्या, कोरडी चटणी आणि थर्मासमधला चहा यांनी दोघांची दुपार निभावते. पबचा अनुभव पाहुण्याला द्यायचाच असेल तर उतरल्यावर द्यावा. टेबलाशी बसून वाढप्याची वाट न पाहता काउंटरवर जाऊन मागणी नोंदवावी आणि पैसे तेथेच द्यावेत, अशी बहुतेक पबांची रीत आहे. मद्य घेतलेच पाहिजे असे नाही. आणि गिऱ्हाइकाने मागितल्यास पिण्याचे पाणी फुकट देणे मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागांना कायद्याने बंधनकारक आहे.

मुक्काम करायचा असेल तर १९३०मध्ये स्थापन झालेल्या युवा वसतिगृह संघटनेची वसतिगृहे आहेत. सभासद नसलेल्यांना आणि वय उलटलेल्यांनाही तेथे राहता येते. अनेक ठिकाणी सामाईक स्वयंपाकघर असल्याने शाकाहारी पाहुण्याची चिंता मिटते. तंबू ठोकण्याचा विचार मात्र जपून करावा. चालण्याच्या हक्कात मुक्कामाचा हक्क येत नाही. जमीनमालकाची परवानगी लागते. डार्टमूरची सामाईक जमीन हा इंग्लंडमधील ठळक अपवाद असून, तेथील मुक्कामाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये कायम ठेवला.

वाटेवरचे शिष्टाचार

वाट ओळखणे अवघड नाही. पायवाटेवर पिवळा बाण असतो, घोडेस्वारांनाही खुल्या असलेल्या वाटेवर निळा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशात या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. कुंपणे ओलांडण्यासाठी लाकडी वा दगडी पायऱ्या किंवा एका वेळी एकच माणूस जाईल अशी झुलती फाटके असतात. फाटक जसे सापडले तसे ठेवून पुढे जावे. बंद असेल तर पुन्हा बंद करावे, उघडे असेल तर उघडेच राहू द्यावे. मेंढ्यांच्या पाण्याची सोय कधी त्यावरच अवलंबून असते. वासरे बरोबर असलेल्या गाईंपासून दूर राहावे. गाय पाहताच पाठीवर हात फिरवायला जाण्याची आपली सवय तेथे अंगाशी येऊ शकते.

हवामानाबाबत पाहुण्याला आधीच सांगणे बरे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत संधिप्रकाश असतो, तर डिसेंबरमध्ये दुपारी चारलाच अंधार पडू लागतो. उन्हाळ्यातही पावसाचे जाकीट, एक ऊबदार थर आणि चिखलात घसरणार नाहीत असे बूट हवेत. बूट नवे घेण्याऐवजी यजमानाच्या ओळखीतल्या कुणाचे मापाचे मिळाले तर पाहावेत.

हा हक्क टिकवावा लागतो, हेही पाहुण्याने जाणून घेण्यासारखे आहे. जुन्या पण नकाशावर न चढलेल्या वाटा नोंदवण्यासाठी २०००च्या कायद्याने २०२६ची मुदत घातली होती. ती पुढे २०३१पर्यंत वाढवण्यात आली आणि डिसेंबर २०२४मध्ये सरकारने ती मुदतच रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. तोवर आणि त्यानंतरही जुने दस्तऐवज धुंडाळून हरवलेल्या वाटा नोंदवण्याचे काम बरेचसे स्वयंसेवकच करीत आले आहेत. वाट टिकते ती अखेर चालणाऱ्यांमुळेच.

महालात किंवा उपाहारगृहात कोण कुणासाठी पैसे भरतो, हा प्रश्न उरतोच. मॅम टॉरच्या धारेवर तो उरत नाही. तेथे यजमानाला काही द्यायचे नसते आणि पाहुण्याला काही घ्यायचे नसते. गिरणीकामगारांच्या पोरांनी तुरुंगात जाऊन मोकळी केलेली ती जागा दोघांचीही सारखीच असते. संध्याकाळी होपच्या फलाटावर, चिखलाने माखलेल्या बुटांनी गाडीची वाट पाहताना, पाहुण्याच्या डोक्यातला पौंडांचा गुणाकार बहुधा थांबलेला असतो.