संकेतावर पत्ता कुणाचा?

एखादा शब्द सकाळी वर्तमानपत्रात प्रथमच वाचनात येतो, दुपारी कुणाच्या तरी बोलण्यात येतो आणि संध्याकाळी दुकानाच्या पाटीवर दिसतो. मोबाइल हातात घ्यावा, तर नेमके ११ वाजून ११ मिनिटे. नोकरी सोडावी की नाही हे मनात घोळत असते आणि ट्रकच्या मागे लिहिलेले वाक्य, रेडिओवरचे गाणे, कॅलेंडरवरचा सुविचार एकच गोष्ट सांगू लागतात. 'हे मलाच सांगितले जात आहे का?' हा पहिला प्रश्न. त्याच्यामागून थोडा ओशाळलेला दुसरा प्रश्न येतो : 'सारे जग माझ्यासाठी निरोप पाठवत आहे असे वाटणे, हा आत्मकेंद्रीपणा तर नव्हे?' दोन्ही प्रश्न जुने आहेत आणि त्यांचा पद्धतशीर विचारही झालेला आहे.

ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञ पॉल कामेरर बागेतल्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदी करत असे. सारख्या गोष्टी झुंडीने येतात, हा निसर्गाचाच नियम आहे, असे त्याने १९१९ च्या आपल्या ग्रंथात मांडले. पुढे १९५२ मध्ये कार्ल युंगने कार्यकारणसंबंध नसलेल्या पण अर्थपूर्ण योगायोगांवर निबंध प्रसिद्ध केला. एक रुग्ण स्त्री स्वप्नात मिळालेल्या सोन्याच्या भुंग्याबद्दल सांगत असतानाच खिडकीच्या काचेवर तसाच एक हिरवट सोनेरी भुंगा येऊन आपटला, हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. या दोघांच्याही मते अशा योगायोगांमागे जगाच्या रचनेतलेच काहीतरी होते.

गणिताचे उत्तर वेगळे आहे. समजा, जागेपणीच्या सोळा तासांत आपण ८० वेळा घड्याळ पाहतो, म्हणजे सरासरी बारा मिनिटांनी एकदा. मग सकाळची ११:११ ही वेळ नजरेस पडण्याची शक्यता बारात एक, रात्रीचीही तेवढीच. म्हणजे साधारण सहा दिवसांतून एकदा, महिन्यातून पाचेक वेळा ही वेळ दिसणारच. दुपारचे १:११, २:२२, ३:३३, ४:४४ आणि ५:५५ हेही खास मानले, तर दर दोन दिवसांना एक 'संकेत' हमखास. पर्सी डायकोनिस आणि फ्रेडरिक मॉस्टेलर या संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये हेच तत्त्व मांडले : नमुना पुरेसा मोठा असेल, तर कितीही विलक्षण गोष्ट घडू शकते. भाषाशास्त्रज्ञ अर्नल्ड झ्विकी यांनी २००५ मध्ये त्याला मनाच्या कारभाराची जोड दिली. एकदा लक्ष वेधले गेले की ती गोष्ट आपण नकळत शोधू लागतो आणि प्रत्येक नवे दर्शन 'वाढले आहे खरे' याचा पुरावा ठरते. न दिसलेल्या वेळांची नोंद कुणीच ठेवत नाही.

तरीही या हिशेबाने मनाचे समाधान होत नाही. योगायोग का घडतो हे कळले, तरी तो *माझा* का वाटतो हे उरतेच. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील रूमा फॉक यांनी नेमके हेच तपासले. लोकांना स्वतःच्या बाबतीत घडलेला योगायोग दुसऱ्याच्या तशाच योगायोगापेक्षा अधिक आश्चर्याचा वाटतो, असे त्यांना आढळले. अमेरिकेत टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता; प्रत्यक्षात तो पाहिला होता सुमारे चौथाईने. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातल्या विद्यार्थ्यांना कुणी गर्विष्ठ म्हणणार नाही. ते संकोचले होते. माणूस जग पाहतो ते स्वतःच्या जागेवरून. दुसरी जागा त्याला मिळालेलीच नसते. आपण मध्यभागी आहोत असे वाटणे हा बहुधा या जागेचा परिणाम असतो, अहंकाराचा नव्हे.

ही जागा सोडताच येईनाशी झाली, तर मात्र प्रकरण गंभीर होते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्लाउस कोनराड यांनी १९५८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या सुरुवातीच्या अवस्थेचे वर्णन केले. आधी सगळ्या गोष्टींत अर्थ दिसू लागतो, मग तो सगळा अर्थ रुग्णाभोवतीच फिरू लागतो आणि दुसऱ्याच्या नजरेतून पाहण्याची क्षमता हरवते. बातमीदार आपल्याबद्दलच बोलतो आहे अशी खात्री वाटणे, त्या धास्तीने झोप उडणे, कुणी समजावले तर तोही कटात सामील वाटणे, अशा वेळी गणित सांगत बसू नये, मनोविकारतज्ज्ञांकडेच जावे. 'हा माझा आत्मकेंद्रीपणा तर नाही?' अशी शंका घेता येणे, हे सहसा ती क्षमता शाबूत असल्याचे लक्षण असते.

आपल्याकडच्या शकुनांकडे या प्रकाशात पाहिले, तर एक फरक दिसतो. कावळा ओरडला की पाहुणा येतो तो साऱ्या घराकडे. अंगावर पाल पडण्याची फळे जुन्या पंचांगांत आधीच छापलेली असतात आणि ती सर्वांना सारखीच लागू असतात. कोकण-गोव्यातल्या देवळांत कौल लावतात, तेव्हा प्रश्न आधी आणि चारचौघांत विचारला जातो. मूर्तीला लावलेली फुले किंवा पाकळ्या उजवीकडून पडल्या तर होकार, डावीकडून पडल्या तर नकार, अशी साधारण रीत. देव उत्तर देतो की नाही, हा श्रद्धेचा भाग. पण या पद्धतीत नकाराला जागा आहे आणि प्रश्न नंतर बदलता येत नाही. ११:११ बाबत हे दोन्ही नसते. उत्तर आधी दिसते, प्रश्न मागाहून जुळवला जातो आणि साक्षीदार एकटे आपणच. त्यामुळे तो संकेत कधी नकार देत नाही.

म्हणून वारंवार दिसणाऱ्या गोष्टी निरुपयोगी ठरत नाहीत. ट्रकमागच्या वाक्याला आपल्या नोकरीची खबर नसते. पण रस्त्यावरच्या शेकडो अक्षरांतून तेच वाक्य नजरेने उचलले, यावरून मनाचा कल कळतो. निरोप असलाच, तर तो आपणच आपल्याला धाडलेला असतो. तो वाचावा, निर्णयाची कारणे मात्र वेगळी तपासावीत. आणि फारच भारावल्यासारखे झाले, तर तो योगायोग जवळच्या माणसाला सांगून पाहावा. त्याच्या चेहऱ्यावर जेवढे आश्चर्य उमटेल, त्यावरून आपल्या आश्चर्यातले योगायोगाचे किती आणि आपल्या जागेचे किती, याचा अंदाज येतो.